बारा नंबरचा ठोकळा

घणसोली, सेक्टर सात. सात मजल्यांवरची गच्ची.
खालच्या फ्लॅटमधल्या दमयंती कारखानीसांची अट एकच :
स्लॅबला भोक पाडायचं नाही.
मागे कुणीतरी डिश ठोकली होती,
तिने तीन पावसाळे त्यांच्या कपाटात ओल सोडली,
एक शालू बुरशीला गेला.

म्हणून इथे अँकर बोल्ट नाही, केमिकल नाही,
नुसतं वजन.
चोवीस ठोकळे, एकेक दीडशे किलोचा.
लिफ्टमध्ये रेती चालणार नाही, सेक्रेटरी म्हणाले,
तर तौफीक आणि मी, खांद्यावर घमेली,
सात जिने, दोन दिवस.
मग गोणपाट. सकाळ-संध्याकाळ पाणी.
आठवडाभर ओल्या ठोकळ्यांत वावरलो.
काँक्रीटला घाई कळत नाही,
आणि मला कळते, हीच अडचण.

पॅनेलची हमी पंचवीस वर्षं,
इन्व्हर्टरची पाच.
ठोकळ्याची हमी कुठल्याच कागदावर नसते.
वारा पॅनेलला समोरून ढकलत नाही हो,
खालून हात घालतो. उचलतो. शिडासारखं.
तेव्हा जे काही धरून बसतं ते हेच,
राखाडी, बिनचेहऱ्याचं,
ज्याच्यावर पोरं पतंगाचा मांजा गुंडाळतात.

बोल्ट आवळून झाला की
नट, वॉशर आणि पट्टीवरून एक आडवी रेघ ओढतो मी,
चित्राच्या नेलपेंटची. लाल.
रेघ तुटली म्हणजे नट फिरला.
खाडीचा वारा गॅल्व्हनाइजला सुद्धा चाटतो,
म्हणून दर सहा महिन्यांनी
गुडघ्यावर बसून चोवीस ठोकळे, शहाण्णव रेघा.

मे महिन्यातली ती रात्र. पत्रे उडाले गोठिवलीत.
सकाळी वर आलो तर सगळं जागेवर,
रेघा सगळ्या अखंड,
फक्त बारा नंबर
चार बोटं सरकलेला.
खालचा कोबा खरवडलेला, पांढरा.

मला लगेच आठवलं.
संध्याकाळचे सहा वाजले होते,
ठोकळ्याखाली घालायचं रबर एकाला कमी पडलं होतं,
दुकान रबाळ्याला,
तौफीक म्हणाला, उद्या आणू?
मी म्हणालो, चालेल.
आणि तो चालला.

बाबा खाजणाचा बांध राखायचे, इथंच कुठेतरी.
ओहोटी लागली की कुदळ खांद्यावर,
डोळे जमिनीला.
भरतीने बांध फुटत नाही, म्हणायचे,
चिंबोरीच्या बिळाने फुटतो.
बोटाएवढं बीळ दिसलं की चिखल कोंबायचे,
टाचेने दाबायचे,
पुन्हा दोन पावलं मागे येऊन बघायचे.
मला तेव्हा वाटे, काय हे रोज रोज.
आता ते खाजण सेक्टरांच्या आकड्यांत बुजलं,
बिळं कुठे होती ते नकाशात नाही.
टाच मात्र माझ्याकडे आली, तिचा नेम नाही आला.

पहार घातली. तौफीकने दम धरला.
चार बोटं परत ढकलायला तास गेला.
रबर घातलं, ह्या वेळी दुहेरी,
ओळंबा सोडला, पाना फिरवला, खट् आवाज येईस्तोवर.

कारखानीसबाई चहा घेऊन वर आल्या,
पंधरा पायऱ्या, गुडघा धरून.
गळणार नाही ना?
नाही, म्हणालो.
मग कपातल्या सायीकडे बघत म्हणालो,
बाई, हा सरकला होता. चूक माझी होती.
दिवाळीनंतर पुन्हा येतो.
त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं,
कपाटाकडे पाहावं तसं.
बिस्किट घ्या, म्हणाल्या.

लाल नेलपेंट संपलंय.
चित्रा आता जांभळं लावते.
शहाण्णवातल्या चार रेघा जांभळ्या.
पुढचा कुणी आला तर विचारेल,
ह्याच ठोकळ्यावर का?